'९५ टक्के परिणामकारक' म्हणजे नेमके काय? लसचाचणीच्या बातम्यांतले शब्द

मुद्रितप्रत
करोनाकाळातल्या लसचाचण्यांवरचे २०२०-२१ मधले मराठी लेख एका पुस्तिकेत यायचे आहेत. परिभाषा सगळीकडे वेगवेगळी आहे. 'एफिकसी'साठी परिणामकारकता, प्रभाव, कार्यक्षमता, उपयुक्तता असे चार शब्द सापडले. 'इफेक्टिव्हनेस'लाही तेच चार. 'इंटरिम' कुठे अंतरिम, कुठे प्राथमिक. एकच शब्द ठरवायचा तर कोणता?

तालिका
कार्यक्षमता आधी बाद करा. मराठीत तो शब्द यंत्राला, कर्मचाऱ्याला, कार्यालयाला लागतो. उपयुक्तताही नको, लस उपयुक्त आहे की नाही हा धोरणाचा प्रश्न आहे, मोजमापाचा नाही. उरतो परिणामकारकता. रुळलेला आहे, तोच ठेवा, पण त्याला विशेषण जोडा: 'एफिकसी'ला 'चाचणीतील परिणामकारकता' आणि 'इफेक्टिव्हनेस'ला 'प्रत्यक्ष वापरातील परिणामकारकता'.

या दोन गोष्टी वेगळ्या का, तेही एकदा तळटीपेत द्या. चाचणीत माणसे निकष लावून निवडलेली असतात, डोस ठरल्या दिवशी मिळतो, कुपी ठरल्या तापमानात राहते. बाहेर तसे नसते. फायझरची लस सुरुवातीला उणे ७० अंशांच्या आसपास ठेवावी लागे. भारतात कोव्हिशील्डच्या दोन डोसांमधले अंतर आधी ४ ते ६ आठवडे होते, मार्च २०२१ मध्ये ४ ते ८ (शक्यतो ६ ते ८) झाले आणि मे २०२१ मध्ये १२ ते १६. विषाणूही बदलत गेला. त्यामुळे चाचणीतला आकडा आणि गावातला आकडा जुळेलच असे नाही, आणि न जुळल्याने चाचणी खोटी ठरत नाही.

पाव-टक्का
नामापेक्षा मोठी गफलत विभक्तीत होते. '९५ टक्के परिणामकारक' वाचून बहुतेक जण समजतात की शंभरांना लस दिली तर ९५ वाचतील आणि पाच आजारी पडतील. तसे नाही.

फायझरच्या चाचणीत सुमारे ४३,५०० लोक होते. निम्म्यांना लस, निम्म्यांना मिठाचे पाणी. दुसऱ्या डोसनंतर सात दिवसांपासून पुढे १७० रुग्ण मोजले गेले. त्यातले १६२ मिठाच्या पाण्याच्या गटात, ८ लशीच्या. ८ भागिले १६२ म्हणजे साधारण ०.०५, एकातून वजा केले की ०.९५. हे झाले ९५ टक्के. लशीच्या गटात आजारी पडले ते या मोजणीत धरलेल्या १८ हजारांहून अधिक लोकांतले आठ (गटातले सगळेच मोजणीत धरले जात नाहीत). दर दहा हजारांत सुमारे ४, आणि दुसऱ्या गटात सुमारे ८८.

म्हणून मराठीत 'नी' हवा: 'आजाराचे प्रमाण ९५ टक्क्यांनी कमी'. 'टक्के' म्हटले की वाचक माणसे मोजतो, 'टक्क्यांनी' म्हटले की तुलना करतो. वाक्यात 'कोणापेक्षा' हेही आलेच पाहिजे.

एक सावधगिरी. दोन्ही गटांतली डोकी नेमकी सारखी नसतात, प्रत्येकाची पाहणीही सारखेच दिवस होत नाही. कोव्हॅक्सिनच्या चाचणीच्या तिसऱ्या टप्प्यात (लस आजार टाळते का, हे मोठ्या गटांवर मोजतात तो टप्पा) लशीच्या गटात २४ आणि दुसऱ्या गटात १०६ रुग्ण होते. साधा भागाकार ७७.४ देतो, प्रसिद्ध झालेला आकडा ७७.८ आहे. संपादनात हा आकडा 'दुरुस्त' करू नका.

जीवशास्त्र-खिडकी
यात भर. मोजले काय, हेही मथळ्यात चुकते. 'संसर्गापासून ९५ टक्के संरक्षण' असे छापले गेले. या चाचण्यांचा मुख्य आकडा लक्षणे दिसली आणि पीसीआर पॉझिटिव्ह आली अशा रुग्णांचा होता. लक्षणाविना होणारा संसर्ग त्यात धरलेला नव्हता. तेव्हा 'आजार' लिहा, 'संसर्ग' नको. 'गंभीर आजार' हा आणखी तिसरा आकडा. मॉडर्नाच्या अंतिम विश्लेषणात १९६ रुग्ण होते, लस न मिळालेल्या गटात १८५ आणि लशीच्या गटात ११. त्यातले गंभीर ३०, आणि ते तीसही लस न मिळालेल्या गटातले.

आकड्याची कक्षाही (खरा आकडा ज्या दोन टोकांमध्ये असावा ती, इंग्रजीत 'कॉन्फिडन्स इंटरव्हल') गाळू नये. फायझरच्या ९५ ची कक्षा ९०.३ ते ९७.६ होती. ही कक्षा '९५ टक्के खात्रीची' असते, आणि या ९५ चा परिणामकारकतेच्या ९५ शी काही संबंध नाही. दोन्ही एका वाक्यात आले की अनुवादक हमखास घसरतो.

मुद्रितप्रत
धन्यवाद. आणि इंटरिम?

तालिका
'अंतरिम' अर्थ म्हणून बरोबर आहे. अंतरिम जामीन, अंतरिम अर्थसंकल्प यांमुळे ओळखीचाही आहे. अडचण अशी की 'अंतिम' आणि 'अंतरिम' यांत एका अक्षराचा फरक. मुद्रितशोधनात तो निसटला की अर्थ उलटा. मी 'मध्यंतरीचे विश्लेषण' सुचवेन.

'प्राथमिक' मात्र इथे धोक्याचा. मराठीत तो 'सुरुवातीचा' आणि 'मुख्य' असे दोन्ही अर्थ वाहतो. फायझरने ९ नोव्हेंबर २०२० ला ९४ रुग्णांवरून '९० टक्क्यांहून अधिक' असे जाहीर केले, ते मध्यंतरीचे. १८ नोव्हेंबरला १७० रुग्णांवरचे आले. ते मुख्य आणि शेवटचे. इंग्रजीतल्या 'प्रायमरी'वरून त्याला 'प्राथमिक निष्कर्ष' म्हटले की पक्का आकडा कच्चा वाटू लागतो. 'मुख्य निष्कर्ष' लिहा.

पाव-टक्का
अ‍ॅस्ट्राझेनेकाच्या लेखांत दोन शब्द नीट तपासा. पहिला 'प्लासिबो', म्हणजे तुलनेसाठी दिलेली, औषध नसलेली मात्रा. ब्रिटनमधल्या गटात तुलनेसाठी मेनिंजायटिसची लस दिली होती, मिठाचे पाणी नव्हे. सर्वत्र 'तुलनागट' वापरला तर ही चूक होणारच नाही. 'नियंत्रण गट' टाळावा. त्यातून त्या लोकांवर कोणी नियंत्रण ठेवले होते असे वाटते.

दुसरा 'सरासरी'. दोन पूर्ण डोसांच्या गटात ६२ टक्के (२७ विरुद्ध ७१ रुग्ण), आधी अर्धा मग पूर्ण डोस मिळालेल्या गटात ९० टक्के (३ विरुद्ध ३०). ६२ आणि ९० ची सरासरी ७६ येते, बातमीत ७०. चूक गणिताची नाही, शब्दाची आहे. दोन्ही गट एकत्र करून ३० विरुद्ध १०१ असे मोजल्यावर ७०.४ येतात. 'एकत्रित परिणामकारकता' म्हणा. अर्ध्या डोसाच्या गटात ५५ वर्षांवरचे कोणी नव्हते, हे त्या ९० शेजारीच छापा.

ओटी-पडवी
हिंदी मजकुरावरून आलेले शब्दही चाळून घ्या. 'खुराक' मराठीत पैलवानाचा किंवा बैलाचा. लशीचा डोस किंवा मात्रा. 'परीक्षण' पुस्तकाचे, नाटकाचे; लशीची चाचणी. 'टीका' तर सरळ दोषदर्शन.

सामान्यरूप म्हैस-म्हशीचा तसे लस-लशीचा. 'लसीचा'ही सर्रास छापतात. पुस्तिकेत एकच ठेवा. 'लसीकरण' मात्र 'स'नेच. मुळात लस म्हणजे जखमेतून पाझरणारा चिकट द्रव. गाईच्या देवीच्या फोडातला हा द्रवच टोचत असत, त्यावरून औषधाला नाव मिळाले. मुंबईत १४ जून १८०२ ला भारतातली पहिली देवीची लस टोचली गेली, तीही अशीच बाहूवरून बाहूवर आलेली.

जीवशास्त्र-खिडकी
'आश्वासक' राहिला. जुलै २०२० मध्ये ऑक्सफर्डच्या (म्हणजे अ‍ॅस्ट्राझेनेकाच्याच लशीच्या) १,०७७ जणांच्या चाचणीचे निष्कर्ष आले तेव्हा शरीरात प्रतिपिंडे (अँटीबॉडी) तयार झाली, असा प्रतिकारशक्तीचा प्रतिसाद दिसला होता. आजार टळतो का, हे त्या निष्कर्षांत नव्हते. तिथे 'आशादायक' योग्य. 'आश्वासक'मध्ये धीर देण्याचा, जवळजवळ हमीचा सूर आहे. तिसऱ्या टप्प्याला दोन्ही नकोत, आकडा द्या.

मुद्रितप्रत
मग हे वाक्य चालेल? 'भारतात २५,८०० जणांना कोव्हॅक्सिन देऊन केलेल्या चाचणीत ती ७७.८ टक्के परिणामकारक ठरली.'

पाव-टक्का
नाही. २५,८०० पैकी लस निम्म्यांनाच होती, आणि मुख्य आकडा त्यातल्या १६,९७३ जणांवरून काढला आहे. असे करा: 'दुसऱ्या डोसनंतर १४ दिवसांनी आणि पुढे, कोव्हॅक्सिन घेतलेल्यांत लक्षणांसह कोविड होण्याचे प्रमाण तुलनागटापेक्षा ७७.८ टक्क्यांनी कमी होते (२४ आणि १०६ रुग्ण, कक्षा ६५.२ ते ८६.४).' लांब आहे, पण यातला एकही शब्द काढता येत नाही.