मूळ आमचं, छप्पर त्यांचं: घरच्या भाजीपाल्याचे अनुभव सांगा

वाड्यातली

पाऊस लागला म्हणून काल कूलर धुवून माळ्यावर टाकायला काढला, तर टबचा तळ गंजून पार गेलेला. आमचे हे म्हणाले, भंगारवाल्याला दे. मी म्हटलं थांबा, पाणी आपोआप निथळतंय, याहून चांगली कुंडी कोणती? तळाशी नारळाच्या शेंड्या, वर माती आणि शेणखत, आणि कोहळ्याच्या चार बिया. बी खोचताना एकदम नागपूरच्या महाल भागातलं जुनं घर आठवलं.

मागे सांदवाडी होती, दोन खाटा जेमतेम मावतील एवढी. मृग लागला की आबा मोरीच्या पाण्याजवळ कोहळं लावायचे. वेलाला आमची भिंत पुरायची नाही. तो शेजारच्या काकूंच्या कवेलूंवर चढायचा आणि सगळी कोहळी तिकडेच धरायचा. आमच्याकडे नुसती पानं! पोळ्याच्या सुमारास दरवर्षी भांडण ठरलेलं. आबा म्हणायचे मूळ आमचं, काकू म्हणायच्या छप्पर आमचं, आणि वजनानं कवेलू फुटले ते कोण बदलून देणार? मग आबा धमकी द्यायचे की वेलच ओढून घेतो. ओढला कधी नाही.

तर सांगा. तुमच्याकडे काय लागलं, काय गेलं, कोणी खाल्लं?

बेसा_गच्ची

वानर.

बेसा_गच्ची

मघाशी दूध उतू गेलं म्हणून तेवढंच लिहून पळाले. तर वानर. मागच्या जानेवारीत चौदा टमाटर लाल व्हायला आले होते. मी मोजायचे रोज. हे म्हणाले तोड आज, मी म्हटलं एक दिवस थांबू, झाडावर पिकलेल्याची चव वेगळी. दुसऱ्या दिवशी गच्चीवर गेले तर चौदाच्या चौदा कठड्यावर, प्रत्येकाला एकच चावा. खाल्ले असते तरी समाधान वाटलं असतं हो, नुसते चाखून नापास केले.

बजाजनगरचे काका

वाड्यातली ताई, दोन गोष्टी आत्ताच सांगून ठेवतो. एक, कूलरच्या टबात एकच वेल पोसतो. चार उगवले तर तीन काढा, मन घट्ट करून. दोन, आधी भाराभर फुलं येतील आणि सगळी गळतील. घाबरू नका, ती नर फुलं. मादी फुलाच्या खाली बोराएवढं कोहळं असतं, त्यावरून ओळखायचं. गच्चीवर मधमाश्या कमी येतात. म्हणून सकाळी सात-आठच्या आत नर फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या आणि मधला दांडा मादी फुलात फिरवायचा. उन्हं वर आली की फूल मिटतं, मग उपयोग नाही.

बाकी अनुभव म्हणाल तर मी वही ठेवतो. गेल्या वर्षी माती, खत, हिरवी जाळी, ठिबकच्या नळ्या असा खर्च ६,४०० रुपये. उत्पन्न वांगी ९ किलो, टमाटर ४ किलो, बरबटी ३ किलो. म्हणजे ४०० रुपये किलो. ही वही सौभाग्यवतींच्या हाती लागली. तेव्हापासून गोकुळपेठेच्या बाजारात प्रत्येक भाजीवाल्याला त्या सांगतात, "आमच्या घरी यापेक्षा महाग मिळते."

सांभार_जुडी

काका 😂😂

माझं एका वाक्यात. सांभार उगवत नाही. अख्खे धणे पेरले, नाही. कोणीतरी म्हणालं चपलेनं रगडून दोन फाकी करायच्या, तर सासूबाई म्हणाल्या खायच्या वस्तूला चप्पल? लाटण्यानं रगडले. तरी नाही. मेथी मात्र चौथ्या दिवशी हजर, जणू दाराबाहेरच उभी होती.

पुण्याहून_आलेला

सांभार उगवतो? म्हणजे इडलीबरोबरचा?

सांभार_जुडी

आला बघा! दादा, सांभार म्हणजे तुमची कोथिंबीर.

पुण्याहून_आलेला

आणि ते कोहळं? आमच्याकडे कोहळा दाराला टांगतात, दृष्ट लागू नये म्हणून. त्यावरून शेजारी भांडतात हे मला झेपेना.

वाड्यातली

अहो, तो पांढरा, पेठ्याचा. आमचं कोहळं म्हणजे तुमचा लाल भोपळा. आम्ही टांगत नाही, बाकर घालून खातो. खसखस, खोबरं, चारोळी. पोळ्याला या कोणाकडे तरी.

धंतोली_बाल्कनी

इथे कोणी शेणखत घरपोच देणारा सांगू शकेल का? पोतं चौथ्या मजल्यावर चढवणारा हवा. लिफ्टमध्ये न्यायला सोसायटीची हरकत आहे.

ढेमसंवाला_भाऊ

काय सांगू बाप्पा, माह्याकडं ढेमसं लागले ना, तर लागूनच राहिले. सकाळी ढेमसं, डब्यात ढेमसं, रात्री भरून. पोट्टं म्हणे बाबा मी मेसमध्ये राहाले जातो. शेवटी पिशवी भरून कॉलनीत वाटाले निघालो. पहिल्या दिवशी लोकं खुश. चौथ्या दिवशी मी फाटक वाजवलं की आतला टीव्ही बंद होऊन जाये. लायटी सुद्धा. एका घरून तर मलेच परत एक पिशवी भेटली, घरी येऊन पाहतो तर माहेच ढेमसं.

बेसा_गच्ची

भाऊ, आमच्याकडे टाका, वानरं खुश होतील.

ढेमसंवाला_भाऊ

टाकून पाहिलं ताई. वानरं बी घेईना.

तात्या_त्रिमूर्तीनगर

सांभारवाल्या ताई, पेरलं कधी?

सांभार_जुडी

मे मध्ये. पाहुणे यायचे होते.

तात्या_त्रिमूर्तीनगर

तिथंच चुकलं. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, धणे काय, माणूस उगवत नाही. नागपूरच्या उन्हाळ्याशी भांडून काही मिळत नाही, हे शिकायला मला तीन वर्षं लागली. पहिल्या वर्षी हिरवी जाळी एकेरी बांधली, दुसऱ्या वर्षी दुहेरी, तिसऱ्या वर्षी जाळीखाली कूलर लावावा असंही मनात येऊन गेलं (हसू नका, वायर मोजली होती). टमाटरचं झाड मे महिन्यातही हिरवंगार ठेवलं मी, पण फूल आलं की गळायचं. दिवसा पारा पस्तिशीच्या वर आणि रात्रही गरमच, अशात टमाटर फळ धरत नाही. आपला चाळीस-पंचेचाळीस असतो. मी आपला झाडाला दोष देत होतो, मग खताला, मग दुकानदाराला.

आता उन्हाळ्यात फक्त चिवळ (बारीक पानांची घोळ), अंबाडी आणि भेंडी. चिवळीला तर काही करावंच लागत नाही, जितकं ऊन तितकी माजते. टमाटरचं बी ऑगस्टच्या शेवटी टाकायचं, म्हणजे थंडीत भरपूर. धणे दिवाळीच्या सुमारास, आणि एक रात्र भिजवून. आणि कूलरची जुनी वाळ्याची ताटी टाकू नका. कुंडीत मातीवर पसरली की ओल टिकते, पाणी निम्मं लागतं.

सांभार_जुडी

तात्या, ताटी कालच कचरागाडीत गेली. 😭

एकच_खिडकी

मनीषनगर, वन बीएचके, एक खिडकी, एक कुंडी. आईनं भिवापूरहून आणलेल्या वाळक्या मिरच्यांच्या बिया टाकल्या. रोप आलं, फुलं आली, मग पानं वरच्या अंगाला वळून वाटीसारखी झाली. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणाली बोकड्या आला. मला वाटलं बोकड शिरला कुठून, तिसऱ्या मजल्यावर.

निंबोळी अर्क मारला. एकूण तीन मिरच्या मिळाल्या. तिन्ही वेळा वरणाला फोडणी देण्याआधी फोटो काढला.

बजाजनगरचे काका

बोकड्या म्हणजे फुलकिडे आणि कोळी. पानाच्या मागच्या बाजूनं फवारायचं असतं आणि संध्याकाळी. वरून मारून उपयोग नाही.

एकच_खिडकी

काका, वरूनच मारला होता. खिडकीला ग्रिल आहे, मागून हात जात नाही.

बरबटी_शेंग

पाण्याचं कोणी लिहिलंच नाही. २०१९ चा जुलै आठवतो का? पाऊस रुसलेला, तोतलाडोह धरण आटलेलं आणि नळ एक दिवसाआड. तेव्हा माझी बरबटी ऐन फुलोऱ्यात. तांदूळ धुतलेलं पाणी तिला, भाजी धुतलेलं तिला. धाकट्याची आंघोळ घमेल्यात उभं करून, बिनसाबणाची, आणि ते पाणी तिला. तो शाळेत सांगून आला की आमच्या घरी बरबटी आंघोळ करते. बाईंनी मला बोलावून विचारलं. पण शेंगा आल्या हो, हातभर लांब. एक जुडी बाईंनाही दिली.

धंतोली_बाल्कनी

शेणखताचं कोणी सांगेल का 🙏

अंबाझरीकडची

वाचत होते नुसतं. लिहू की नको असं झालं होतं.

२३ सप्टेंबर २०२३. आमचं घर तळमजल्याचं. आदल्या दिवशी महालक्ष्म्यांचं जेवण झालेलं, सोळा भाज्यांपैकी सात घरच्या होत्या. दोडकं, कारलं सोडून वेलाचं बहुतेक सगळं, भेंडी, अंबाडी, धोप्याची पानं. मी येईल त्याला मोजून दाखवत होते. रात्री ढगफुटीसारखा पाऊस, पहाटे घरात कमरेएवढं पाणी. आम्ही वरच्या मजल्यावरच्यांकडे जाऊन बसलो. पाणी उतरल्यावर खाली आलो तर सगळ्यावर गाळ. फ्रिज आडवा. कुंड्या एकही जागेवर नाही, एक तर तीन घरं पलीकडे सापडली, आमचा रंग लावलेली म्हणून ओळखली.

महिनाभर बागेकडे पाहिलंच नाही. मग एक दिवस फाटकाजवळच्या वाळलेल्या गाळातून वेल वर आलेला दिसला. कारलं. आम्ही कारलं कधीच लावलं नाही, घरी कोणाला आवडत नाही. कोणाच्या तरी कुंडीतून वाहत आलेलं बी. नाल्याचं पाणी येऊन गेलेलं, म्हणून कारली खाल्ली नाहीत. उपटलाही नाही.

वाड्यातली

ताई 🙏

बरबटी_शेंग

आमची बहीण त्या भागात राहते, तिची गाडी अशीच वाहून गेली होती. आता बागेत काय आहे तुमच्या?

अंबाझरीकडची

सगळं गच्चीवर नेलं. खाली फक्त कढीपत्ता. आणि दर पावसाळ्यात ते कारलं उगवतं आपलं आपण. आता कामवाली बाई तोडून नेते.

पुण्याहून_आलेला

मूळ प्रश्न राहिलाच. महालातलं कोहळं शेवटी कोणाचं ठरलं?

वाड्यातली

ठरलंच नाही. काकू कोहळं उतरवून अर्धं पाठवायच्या, पण देठाकडचं अर्धं स्वतःला ठेवायच्या. त्यात गर जास्त, बिया कमी. त्यावरून वेगळं भांडण. आबा म्हणायचे बियांचं अर्धं आपल्याला देते म्हणजे पुढच्या वर्षीची लावणीही आपल्याच गळ्यात. त्या बिया ते राखेत घोळून फडताळात ठेवायचे, बरणीवर काकूंचं नाव लिहून.

ढेमसंवाला_भाऊ

ताई, आमच्याकडं बी एक कूलरचा टब पडला आहे, गळका. कोणाले पाहिजे तर रविवारी घेऊन जा. संगं ढेमसं फुकट.

धंतोली_बाल्कनी

टब मला चालेल. ढेमसं नको.

ढेमसंवाला_भाऊ

जोडीनंच भेटते.

वाड्यातली

आज सहावा दिवस. चारपैकी तीन उगवले! दोन पानं उघडलीत, त्यातल्या एकाच्या डोक्यावर बियाचं टरफल टोपीसारखं अजून तसंच आहे.

बजाजनगरचे काका

अभिनंदन. आता दोन काढा.

वाड्यातली

काका, आजच उगवले हो.

बजाजनगरचे काका

तेव्हाच काढायचे असतात. मुळं गुंतली की तिन्ही जातील.

वाड्यातली

उद्या.