छोट्या विद्यापीठाने स्वतःचं संशोधन-भांडार उभारावं, की शोधगंगा पुरे?

रानवाट: यूजीसीच्या २००९ च्या नियमावलीपासून पीएच.डी. प्रबंधाची ई-प्रत गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या ग्रंथालय-जाळ्याच्या केंद्राकडे जाते आणि शोधगंगा या त्यांच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळते. मग तुटपुंज्या कर्मचाऱ्यांवर चालणाऱ्या ग्रंथालयांना डीस्पेस या भांडार चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा वेगळा सर्व्हर कशाला? २०२१ च्या सातव्या आवृत्तीपासून त्याला जावा, पोस्टग्रेस, सोलर आणि वर नोड, एवढी सगळी सॉफ्टवेअर लागतात. सांभाळणारा कंत्राटी मुलगा सोडून गेला की संपलं. त्यापेक्षा मराठी मजकूर शोधता येईल असं बघा. कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या प्रबंधात पडद्यावर 'शेतकरी' दिसतं, पण आत साठलेली असतात रोमन अक्षरं. शोधलं की शून्य निकाल.

तळघर: अजिबात पटलं नाही. शोधगंगा प्रबंधांसाठी आहे. एम.ए.चे प्रकल्प, गावोगाव फिरून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या, बोलींच्या कॅसेट कुठे ठेवायच्या? सर निवृत्त झाले की त्यांचं कपाट रिकामं होतं आणि हे सगळं रद्दीत जातं! शिवाय शोधगंगेवर प्रबंध प्रकरणवार तुकड्यांत असतो. मोबाइलवर वाचणाऱ्या पोरांनी एकेक फाइल उतरवत बसायचं का?

रानवाट: ओव्यांचं मान्य. पण त्यासाठी सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेचं झेनोडो हे ऑनलाइन भांडार आहे. फुकट, आणि एका नोंदीला ५० जीबी जागा.

तळघर: ओव्या सांगणाऱ्या बायकांनी विश्वास टाकला तो आपल्या माणसांवर. काय जगाला खुलं करायचं आणि काय ग्रंथालयात बसूनच ऐकायचं, हे त्यांना विचारून ठरवायला हवं. ती जबाबदारी परस्पर दुसऱ्याकडे सोपवता येत नाही.

नोंदवही: मी ग्रंथालयात याच नोंदी करते. डब्लिन कोअर या नोंद-पद्धतीचे १५ रकाने. विद्यार्थी जेमतेम चार-पाच भरतो. मार्गदर्शकांचं नाव कुठे देवनागरीत, कुठे रोमनमध्ये, कुठे नुसती आद्याक्षरं. त्यामुळे एकाच बाईंचे विद्यार्थी तीन नावांखाली विखुरतात. सर्व्हर कुणाचाही घ्या, पण युनिकोड (देवनागरी अक्षरं देवनागरी म्हणूनच साठवणारी) फाइल आणि दोन्ही लिपींतलं शीर्षक असल्याशिवाय प्रबंध जमाच करून घेऊ नका.

तळघर: नवीन प्रबंधांना ही अट हवीच. पण जुन्या स्कॅनचं काय? टेसरॅक्ट हे स्कॅनमधली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर मराठी वाचतं, पण पान वाकडं असलं की जोडाक्षरं बिघडतात. तपासायला पगारी माणूस लागणारच. तोच सर्व्हरही बघेल.

रानवाट: नाही बघणार. दोन्ही कामं एकाच्या गळ्यात पडली की सर्व्हर बंद पडल्यावर आधी तिकडे धावावं लागतं आणि मराठी पानं तशीच पडून राहतात. पद एकच मंजूर होणार असेल तर ते तपासनिसाचं असू द्या.