पात्राचा ‘आवाज’, ‘वाणी’ की ‘बोलणे’?

प्रश्न: ‘या पात्राला स्वतःचा आवाज नाही’ असा शेरा कथांवरील चर्चेत हल्ली वारंवार ऐकू येतो. येथे ‘आवाज’ म्हणजे नेमके काय अभिप्रेत असते? त्याऐवजी बोली, लहेजा, लकब किंवा वाणी यांपैकी एखादा शब्द चालेल काय? दुसऱ्याने निर्माण केलेली पात्रे घेऊन चाहते ज्या नव्या कथा लिहितात, त्या फॅन फिक्शनलाही हाच शब्द लावावा काय?

उत्तर: फारसीतून आलेला ‘आवाज’ हा शब्द आपण मुख्यतः कानाला ऐकू येणाऱ्या ध्वनीसाठी वापरतो. घसा धरला की आवाज बसतो, आणि अन्यायाविरुद्ध आवाज उठवला तरी त्यात मोठ्याने बोलण्याचीच कल्पना असते. लेखनाच्या संदर्भातील अर्थ आता रुळला आहे आणि शेरा म्हणून तो चालेलही, परंतु लिहिणाऱ्याने नेमके काय दुरुस्त करावे हे त्या शब्दातून कळत नाही, असे माझे मत आहे.

आपण सुचवलेल्या शब्दांचे अर्थ एकमेकांपासून दूर आहेत. बोली ही समूहाची असते. लहेजा म्हणजे उच्चारातील वळण. मूळ शब्द अरबी, आणि हेल त्याच्या जवळचा. लकब म्हणजे एखाद्या व्यक्तीची खास सवय (अरबीत मात्र ‘लकब’ म्हणजे उपाधी). सूर प्रसंगानुसार बदलतो: तक्रारीचा, समजुतीचा, विनवणीचा. ‘वाणी’ अर्थाने जवळची असली तरी संतवाणी आणि आकाशवाणी यांमुळे तिला आदराची छटा चिकटली आहे, आणि एखाद्या भुरट्या चोराची ‘वाणी’ म्हटले तर कानाला खटकते.

बोली आणि व्यक्तीचे स्वतःचे बोलणे यांतील फरक ‘मृच्छकटिक’ या संस्कृत नाटकात फार स्पष्ट दिसतो. संस्कृत नाटकांत कोणत्या पात्राने संस्कृत बोलावे आणि कोणी कोणती प्राकृत, याचे संकेत ठरलेले असत. विदूषक ब्राह्मण असूनही प्राकृतच बोलतो. त्या संकेतानुसार राजाचा मेहुणा शकार मागधी या प्राकृताच्या वळणाने बोलतो, म्हणजे ‘स’च्या जागी ‘श’ आणि ‘र’च्या जागी ‘ल’ उच्चारतो. तेवढेच असते तर तो तशा बोलीच्या इतर पात्रांहून वेगळा ठरला नसता. परंतु नायिका वसंतसेना हिचा पाठलाग करताना तो तिला विचारतो की, रामाला भ्यालेल्या द्रौपदीसारखी तू का पळतेस? रामायण आणि महाभारत यांची ही सरमिसळ, आणि ती करतानाचा त्याचा ठाम आत्मविश्वास, हे त्याचे एकट्याचे आहे. ‘श’चे सगळे ‘स’ करून ते वाक्य वाचले तरी शकार ओळखू येतो.

म्हणून मला मराठीतील दोन वाक्प्रचार ‘आवाज’ या शब्दापेक्षा अधिक उपयोगी वाटतात. एक, ‘तोंडी घालणे’. येथे घालणारा लेखक असतो. दुसरा, ‘तोंडात बसणे’. येथे शब्द पात्राच्या आयुष्यातून, सवयीतून येऊन बसलेले असतात. पात्राचे संवाद पहिल्या प्रकारचे वाटतात की दुसऱ्या, एवढेच विचारावे. ‘भाऊ आज येणार नाही,’ ही बातमी तिघांना कळली अशी कल्पना करा. एक म्हणतो, ‘बरं.’ दुसरा म्हणतो, ‘कोणी सांगितलं?’ तिसरा म्हणतो, ‘मला वाटलंच.’ तिघांची भाषा तीच आहे, कोणाचीही लकब दाखवलेली नाही; तरीही एकाला विषय संपवायचा आहे, दुसऱ्याचा सांगणाऱ्यावर विश्वास नाही आणि तिसऱ्याला आपले भाकीत खरे ठरल्याचे श्रेय हवे आहे, हे लगेच उमगते.

फॅन फिक्शनमध्ये अडचण वाढते, कारण ते बोलणे वाचकाच्या कानात आधीपासूनच बसलेले असते. पात्राचे गाजलेले पालुपद उचलून पानोपानी वापरणे हा सोपा मार्ग; पण मूळ कृतीत दोनदा आलेले वाक्य वीस वेळा आले की पात्राची नक्कल होते. मी स्वतः एका अबोल पात्रावर कथा लिहिली होती. त्यात ते पात्र घर का सोडत आहे याचा पाच ओळींचा खुलासा मी त्याच्या तोंडी घातला होता. ती वाचून मैत्रिणीने विचारले, ‘हा एवढं कधी बोलतो?’ तेव्हा मूळ कृतीतील त्याची वाक्ये तेवढी मी एका वहीत ओळीने उतरवून काढली. त्यांपैकी एकाही वाक्यात ‘कारण’ हा शब्द नव्हता! तो कधीही खुलासा करत नाही, हे इतक्या वेळा वाचूनही माझ्या लक्षात आले नव्हते. पाच ओळी खोडल्या आणि ‘निघतो’ एवढा एकच शब्द ठेवला.

उपप्रश्न: मूळ कृती इंग्रजी असेल आणि कथा मराठीत लिहायची असेल, तर ही वही कितपत उपयोगी पडेल?

उत्तर: पात्र काय बोलते आणि काय टाळते यासाठी पडेल, संबोधनासाठी नाही. इंग्रजीत सर्वांना एकच सर्वनाम पुरते. आपल्याला तू, तुम्ही आणि आपण यांतून निवड करावी लागते, आणि ही निवड मूळ लेखकाने केलेलीच नसते. दोन सहकारी प्रथम ‘अहो’ म्हणत असतील, तर ‘अरे’वर आधी कोण आले आणि कोणत्या प्रसंगी, हे आपल्यालाच ठरवावे लागते, वाचकाला त्यांची जवळीक त्याच ठिकाणी जाणवते, त्यामुळे ते वाक्य हातचे जाऊ देऊ नये. निवेदकाचे लिंग मूळ कथेत झाकलेले असेल, तर ‘मी गेलो’ किंवा ‘मी गेले’ लिहिताच ते उघड होते. ‘मी जाईन’ मात्र दोघांनाही चालते, आणि ‘मी पाहिले’ हेही, कारण तेथे क्रियापद कर्त्याच्या लिंगानुसार बदलत नाही. अशी रूपे शोधताना निवेदकाचे बोलणे अवघडल्यासारखे वाटू लागले, तर लिंग झाकण्याचा हट्ट सोडावा, असे मी सुचवेन.