दोनशे सदस्यांच्या लिस्टसाठी मेलमन ३ कशाला?

रिकामा_रूट
स्वतःच्या लिनक्स सर्व्हरवर छोटी मेलिंग लिस्ट चालवायची म्हटली की जो तो 'मेलमन ३ हे लिस्ट चालवणारं सॉफ्टवेअर टाक' म्हणून मोकळा होतो. टाकून बघा एकदा. मेल वाटणारा कोअर वेगळा, सेटिंगच्या वेब पानांसाठी पोस्टोरियस वेगळं, जुन्या मेलांच्या अर्काइव्हसाठी हायपरकिटी वेगळं. नंतरची दोन जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कवर, म्हणजे डेटाबेस आला, वेब सर्व्हर आला, ठरल्या वेळी कामं चालवणारा क्रॉन आला. सर्व्हरवर मेलची ने-आण करणारं पोस्टफिक्स कोअरकडे ८०२४ पोर्टवर एलएमटीपी या मेल-प्रोटोकॉलने मेल देणार, पोस्टोरियस त्याच कोअरशी ८००१ वर बोलणार. एवढा संसार कशासाठी, तर एकाने लिहिलेलं दोनशे जणांना जावं म्हणून!

माझं मत एमएलएमएमजे या छोट्या लिस्ट-सॉफ्टवेअरला. सी मध्ये लिहिलेलं, आटोपशीर. मेल आली की पोस्टफिक्स त्याला हाक मारतं, काम झालं की ते बाजूला. सेटिंग म्हणजे एका फोल्डरमधल्या साध्या टेक्स्ट फायली. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, घडवणाऱ्यांच्या लिस्टा त्यावर चालतात, मग आपल्या दोनशेंना काय धाड भरली आहे?

टपालहंशील
सपशेल असहमत. कर्नलवाल्यांचं अर्काइव्ह वेगळ्याच सॉफ्टवेअरवर आहे आणि ते सांभाळायला माणसं आहेत. तुमच्याकडे कोण आहे? एमएलएमएमजेत अडवलेली मेल सोडायची तर मॉडरेटरने मेलला उत्तर द्यायचं. तुम्हाला मला ते जमेल, पण मॉडरेटर बहुधा टर्मिनल न पाहिलेली व्यक्ती असते. तिला वेब पान हवं, बटण हवं. नाहीतर एखाद्याचा पत्ता बदलायचा असला तरी फोन तुम्हालाच येणार. आणि संसाराचं म्हणाल तर डेबियनवर 'मेलमन३-फुल' हे एकच पॅकेज सगळं ओढून आणतं.

जुनं_तेच_सोनं
मेलमन २.१ काय वाईट होतं? एका दुपारी उभं राहायचं.

रिकामा_रूट
ते पायथन २ वर आहे आणि पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपला. शिवाय दर महिन्याला सदस्याला त्याचा पासवर्ड उघड्या अक्षरांत मेलने पाठवणारं सॉफ्टवेअर आज कोणाच्या गळ्यात घालू नका.

परतीचा_पत्ता
दोघंही सोप्या भागावर भांडताय. सॉफ्टवेअर कुठलंही घ्या, खरी मारामारी डिलिव्हरीची. आधी होस्टिंगवाल्याने २५ पोर्ट उघडं ठेवलंय का ते बघा, अनेक जण ठेवत नाहीत. मग आयपीचा पीटीआर (आयपीवरून नाव सांगणारी नोंद), एसपीएफ (डोमेनची मेल कोणते सर्व्हर पाठवू शकतात त्याची यादी), डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही). इतकं करूनही डीमार्क आडवा येतो, म्हणजे एसपीएफ किंवा डीकेआयएम 'फ्रॉम'मधल्या डोमेनशी जुळलं नाही तर मेलचं काय करायचं हे सांगणारं त्या डोमेनचं धोरण.

झालं असं की एप्रिल २०१४ मध्ये याहूने आपल्या डोमेनला डीमार्कचं 'रिजेक्ट', म्हणजे 'न जुळल्यास मेल नाकारा' हे धोरण लावलं आणि जगभरच्या लिस्टा कोलमडल्या. कारण साधं आहे. याहूवरच्या सदस्याने मेल लिहिली. लिस्टने विषयाआधी कंसात नाव जोडलं, खाली फूटर चिकटवला, की मूळ डीकेआयएम सही मोडते. मेल निघते तुमच्या सर्व्हरवरून, म्हणून एसपीएफही याहूशी जुळत नाही. घेणारा सर्व्हर ती परतवतो. आता गंमत बघा: बाउन्स, म्हणजे परत आलेली मेल, मोजला जातो तो घेणाऱ्याच्या नावावर. लिहिणारा सुरक्षित राहतो, आणि काहीच न केलेले सदस्य 'पत्ता बंद आहे' म्हणून लिस्टमधून बाहेर पडतात.

उपाय दोन. मेलमन ३ मध्ये 'फ्रॉम' बदलून तिथे लिस्टचा पत्ता घालता येतो. किंवा मेलच्या मजकुराला आणि विषयाला हातच लावायचा नाही.

रिकामा_रूट
म्हणजे माझाच मुद्दा! हात लावू नका. फूटर नाही, विषयात नाव नाही, सही शाबूत. 'फ्रॉम' बदलला की सगळ्या मेल एकाच पत्त्यावरून आल्यासारख्या दिसतात, पत्त्यानुसार लावलेले फिल्टर बिघडतात.

टपालहंशील
मूळ पत्ता 'रिप्लाय-टू' मध्ये राहतो हो. आणि फूटर काढलात तर बाहेर पडायची लिंक कुठे? हेडरमधला 'लिस्ट-अनसबस्क्राइब' प्रत्येक मेल अ‍ॅप दाखवत नाही. लिंक सापडली नाही की माणूस सरळ स्पॅमचं बटण दाबतो.

परतीचा_पत्ता
आणि ते बटण महागात पडतं. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल दिवसाला ५,००० च्या आसपास मेल जीमेलवर पाठवणाऱ्याला मोठा प्रेषक धरतं, त्याला डीमार्क लागतो आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवाव्या लागतात. दोनशे सदस्य, सगळे जीमेलवर, आणि एखाद्या दिवशी पंचवीस मेलांची जुगलबंदी झाली की ५,००० भरलेच. छोटी लिस्ट म्हणून सुटका नाही.

रिकामा_रूट
मग स्वागताच्या मेलमध्येच बाहेर पडायचा पत्ता द्या. फूटर मी लावणार नाही.

टपालहंशील
स्वागताची मेल सहा महिन्यांनी कोण शोधतं?