मदत हवी आहे: टाचदुखीसाठी इनसोल (बुटात घालायचा आतला सोल) रेडीमेड घ्यावा की माप देऊन?

मिस्टरांची सातपूर एमआयडीसीत उभ्याची ड्युटी असते, सकाळी पलंगावरून उतरून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत सुई खुपसल्यासारखी कळ येते, थोडं चाललं की कमी होते आणि संध्याकाळी परत सुरू. हाडांच्या डॉक्टरांनी प्लांटर फॅशिआयटिस (टाचेपासून बोटांकडे जाणाऱ्या तळपायाच्या जाड पट्ट्याचं दुखणं) सांगितलंय, तळपायही सपाट आहेत, शुगर नाही. पोटरीचं स्ट्रेचिंग रोज चालू आहे, त्याने खरंच फरक पडतोय. सिलिकॉनचे हील कप घेतले पण ते बुटात पुढे सरकतात आणि टाच वर उचलली जाऊन मागचा काठ घासतो. सेफ्टी शूज कंपनीत सक्तीचे आहेत त्यामुळे बूट बदलणं शक्य नाही, आतला मूळचा सोल मात्र निघतो. मेडिकलमधले जेलचे इनसोल अंगठ्याने दाबले तरी सपाट होतात, कमानीला आधार काहीच नाही. तर आधी पूर्ण लांबीचा, कडक कमानीचा रेडीमेड वापरून बघावा की थेट साचा घेऊन बनवावा? आणि नाशिकमध्ये नीट माप घेऊन, नंतर टोचलं तर घासून अॅडजस्ट करून देणारं कोणी माहितीये का, कॉलेज रोड, नाशिकरोड कुठेही चालेल, तुम्हाला साधारण खर्च किती आला?