मदत हवी आहे : नर्सिंग होमवर ग्राहक आयोगात केस, जबाब कसा द्यावा?

नमस्कार मंडळी. माझ्या ताईचं तालुक्याच्या गावी छोटं नर्सिंग होम आहे. एका वृद्ध पेशंटच्या मुलाने जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केलीय, की हलगर्जीपणामुळे वडिलांना बेडसोअर (एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा) झाले. खरं तर आणलं तेव्हाच माकडहाडाशी जखम होती, अ‍ॅडमिशन नोटवर तसं लिहिलंय. अडचण वेगळीच आहे. दर दोन तासांनी कूस बदलल्याच्या चार्टवर एका रात्रीचे रकाने कोरे आहेत. एक हितचिंतक म्हणाले, "आता भरून टाका." तसलं काही करायचं नाही, असं ताईने स्टाफला बजावलंय. (केसपेपरच्या प्रती पेशंटच्या मुलाने आधीच नेल्यात, म्हणजे वर फजितीच!)

जबाबाला 30 दिवस, फार तर आणखी 15. सुप्रीम कोर्टाच्या 2020 च्या निकालानंतर त्यापुढे एक दिवसही मिळत नाही, म्हणून घाई.

त्या रात्रीच्या सिस्टरचं प्रतिज्ञापत्र जोडलं तर कोऱ्या रकान्यांचं निभावतं का? तज्ज्ञाचं मत खासगी सर्जनचं चालेल, की सरकारी हॉस्पिटलचंच वजनदार ठरतं? शिवाय इंडेम्निटी पॉलिसीवाले (अशा दाव्यांसाठी काढलेल्या विम्याची कंपनी) म्हणतात वकील आमच्याच यादीतला घ्या. ते बंधनकारक असतं का? अशा केसेस लढवलेले वकील किंवा डॉक्टर कोणी असाल तर कृपया सांगा.