मदत हवी आहे: न्हाणीतलं भाण निवृत्त करायचंय. गिझर, सोलर की गॅस?

भाणवाली सून:

नमस्कार मंडळी. आमचं घर गोव्यात, डिचोली तालुक्यात, मयेच्या जवळ. पुढचा भाग जुना कौलारू, मागे २००९ साली बांधलेला स्लॅबचा तुकडा. घरात सहा माणसं: सासू-सासरे, आम्ही दोघं, दोन मुलं. आंघोळीचं पाणी आजवर मागच्या न्हाणीत, चुलीवर कायमच्या बसवलेल्या तांब्याच्या भाणात तापत आलंय. जळण घरचंच. चुडतं (झावळ्या), सोडणं (नारळाच्या साली), करवंट्या, माडांना काय कमी! पण पावसाळ्यात सगळं ओलं होतं, न्हाणीभर धूर कोंडतो आणि सासूबाईंना दमा आहे. डॉक्टरांनी यंदा स्पष्टच सांगितलं, धुरापासून लांब ठेवा.

सासूबाई ऐकतील, पण त्यांचा प्रश्न आहे: "मग नरकचतुर्दशीला कारिटाची वेल काय त्या डब्याला बांधणार?" (त्या दिवशी आमच्याकडे भाणाला कडू कारिटाची वेल बांधतात.) यावर माझ्याकडे उत्तर नाही, तुमच्याकडे असेल तर तेही द्या.

दुकानात गेलो. दुकानदाराने घर न बघता, पाणी कुठलं ते न विचारता २०० लिटरचा सोलर गळ्यात मारायला घेतला, कोटेशन ३८ हजार. घरी येऊन ह्यांनी कागदावर काढलं, तर स्लॅबवर सकाळी अकरापर्यंत माडांची सावली. शिवाय नवी बाथरूम स्लॅबखाली असली तरी न्हाणी तिथून ११ मीटर लांब.

आमच्याकडे बालदीनेच आंघोळ होते, शॉवर फक्त मुलांच्या हट्टाखातर लावलाय. पाणी विहिरीचं, पंपाने स्लॅबवरच्या टाकीत. तपासून घेतलं होतं, पीएच ५.८ आला. वायरिंग जुनं, ९०च्या दशकातलं. पावसाळ्यात लाईट डळमळते, रात्री बल्ब पणतीसारखा होतो.

आणि खरी गोम चौथीची, म्हणजे गणेश चतुर्थीची. वास्कोहून दीर-जाऊ, मुंबईहून नणंद, त्यांची मुलं, मिळून चौदा माणसं. आरतीच्या आधी सगळ्यांना गरम पाणी, तेही भर भाद्रपदात, सूर्य गायब असताना. अकरा महिने काहीही चालेल हो, त्या दिवशी काय चालेल ते सांगा.

चिरेबंदी:

ताई, प्रश्न नीट मांडलात. बहुतेक जण नुसतं "बेस्ट गिझर कोणता" विचारून पळतात.

आधी हिशोब करू. पावसाळ्यात टाकीतलं पाणी साधारण २६ अंश धरा, आंघोळीला ४० पुरे. २० लिटरची बालदी १४ अंशांनी तापवायला २८० किलोकॅलरी लागतात. एका युनिटात ८६०. म्हणजे माणशी एक तृतीयांश युनिट, सहा जणांचे दोन. टाकीतून वाया जाणारी उष्णता धरून अडीच. महिन्याला ७५ युनिट, पाच रुपये दर धरला तर पावणेचारशे रुपये. सोलर फार तर आठ महिने नीट चालेल, म्हणजे वर्षाला ३,००० वाचले. ३८ हजार वसूल व्हायला बारा वर्षांवर जातील, तेही माडावरचा नारळ नळीवर पडला नाही तर. काश्मिरात पाणी चार अंशांवरून तापवायचं असतं, तिथलं गणित वेगळं. आपल्याकडे पाणी मुळातच अर्धं तापलेलं येतं.

आता चौथ. २५ लिटरचा गिझर, आत ६० अंश. एका बालदीला त्यातलं साधारण ८ लिटर लागतं, बाकी थंड. भरलेल्या टाकीत तीन बालद्या निघतील. नंतर पुन्हा २५ लिटर २६ वरून ६० वर न्यायला एक युनिट, म्हणजे २ किलोवॅटच्या कॉईलला अर्धा तास. चौदा जणांना सुमारे ११५ लिटर गरम पाणी. २५ आधीच तयार, उरलेल्या नव्वदला पावणेदोन तास. पहाटे साडेचारला बटण दाबलं की सातच्या आत घर न्हाऊन तयार.

लाईट गेली:

चिरेबंदी, गणित सुरेख, पण ताईंनी लिहिलंय की बल्ब पणतीसारखा होतो. कॉईलची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते. २३० ऐवजी १८० आले की २ किलोवॅटचे सव्वाच उरतात. तुमचा अर्धा तास पन्नास मिनिटांचा होतो, पावणेदोन तासांचे जवळजवळ तीन. सातच्या आत कसलं, नैवेद्याची पानं वाढेपर्यंत आंघोळी चालतील.

म्हणून माझं मत गॅस गिझर. पेटवायला दोन सेल लागतात, लाईट गेली काय, राहिली काय. रोजचे दोन युनिट म्हणजे साधारण २०० ग्रॅम गॅस, १४.२ किलोचा सिलिंडर दोन महिने आरामात. आमच्याकडे सहा वर्षं बिनतक्रार.

मांडवीकाठ:

गॅसला माझा ठाम विरोध, निदान त्या न्हाणीत तरी. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. दार लावून आंघोळ करणाऱ्याला आधी फक्त जड वाटतं, मग पाय उचलत नाहीत. जिथे आधीच धूर कोंडतो तिथे ही आग आणखी कशाला? बसवायचाच असेल तर गिझर बाहेर, पडवीच्या भिंतीवर, आणि फक्त पाइप आत. खिडकी उघडी ठेवू असं सगळेच म्हणतात, पण पावसाची झड आली की पहिल्यांदा तीच बंद होते. दम्याच्या पेशंटच्या घरात तर नकोच.

आणि टाकी स्लॅबवरच असेल तर पाण्याला दाब किती? दोन-तीन मीटर उंची. बऱ्याच गॅस गिझरना तेवढ्यावर पेटायचा मूड येत नाही.

लाईट गेली:

बाहेरच बसवा असंच म्हणतोय मी. आमचा बाहेरच आहे. पण दाबाचा मुद्दा मान्य, आम्हाला छोटा पंप लावावा लागला.

भाणवाली सून:

टाकी नळापासून अडीच मीटर वर. गॅस बाद. सासूबाईंनी "मोनॉक्साइड" शब्द ऐकला आणि चर्चा तिथेच संपली.

इन्स्टंट कसा? छोटा, स्वस्त, टाकी नाही.

चिरेबंदी:

३ किलोवॅटचा इन्स्टंट १४ अंश वाढवून मिनिटाला तीन लिटर देतो. बालदी भरायला साडेसहा मिनिटं, लाईट पूर्ण असेल तर. तुमच्या डळमळीत व्होल्टेजवर कोमट धार मिळेल, तीही मोठी सोडली तर गारच. स्वयंपाकघरात भांड्यांना ठीक. शिवाय तो १३ अँपियर ओढतो, नव्वदच्या वायरवर नको.

स्टोरेजलाही (टाकीवाल्या गिझरलाही) तीच वायर नकोच म्हणा. मीटरपासून स्वतंत्र तार ओढा, १६ अँपियरचं सॉकेट, स्वतंत्र एमसीबी, आणि ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी (वीज गळाली की लगेच लाईन तोडणारा स्विच). एवढ्यासाठी वायरमनने कुरकुर केली तरी ऐकू नका. अर्थिंग मोजून घ्या. चिऱ्याची जमीन एप्रिल-मेमध्ये इतकी कोरडी पडते की अर्थिंगचा खड्डा नावापुरता उरतो, उन्हाळ्यात त्यात पाणी ओतायचं.

मांडवीकाठ:

पीएच ५.८ कडे कुणी बघितलं नाही का? आपल्या जांभ्यातल्या विहिरींचं पाणी बहुधा असंच, आम्लाकडे झुकणारं आणि क्षार कमी. कॉईलवर पांढरा थर साचत नाही, हा फायदा. तोटा असा की ते धातू हळूहळू खातं. भाणाच्या कडेला हिरवट डाग येतात ना, जे आमसुलाने घासले की जातात? तोच प्रकार. गिझरच्या टाकीत मॅग्नेशियमची कांडी असते, टाकीऐवजी ती झिजते. दुकानदार तिचं नाव काढत नाही. दर वर्षी उघडून बघा, अर्ध्याहून कमी राहिली की बदला. ती संपल्यानंतर टाकीला गळती लागायला वेळ लागत नाही, आणि मग लोक कंपनीला शिव्या देतात.

गरम पाण्याला सीपीव्हीसी (उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकचा) पाइपच. सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडला तर तो बंद करू नका, त्याचं कामच ते आहे.

पोफळीचं बन:

पेडण्याला किनाऱ्याजवळ आमच्या पाहुण्यांसाठी दहा खोल्या आहेत, तिथे हीट पंप आहे. हवेतली उष्णता पाण्यात ढकलतो, वीज तिसरा हिस्सा. दमट, उबदार हवेत मस्त चालतो, पावसातही. पण सहा माणसांना परवडणार नाही, आणि खारा वारा बाहेरच्या युनिटच्या पत्र्या खातो. तुम्ही डिचोलीला आहात, खारं वारं नाही, तरी सोडून द्या.

सोलर हवाच असेल तर पाणी तापवणारा नको, वीज बनवणारे पॅनेल बघा. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत (२०२४ पासून) २ किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३०,००० आणि ३ किलोवॅट किंवा वर ७८,००० रुपये अनुदान आहे. सावली तिथेही आडवी येईल, आणि लाईट गेली की साधे ऑन-ग्रिड (विजेच्या लाईनला जोडलेले) पॅनेलही बंद पडतात, हे विक्रेता शेवटी सांगतो.

एक राहिलं: काचेच्या नळ्यांचा सोलर माकडांच्या वाटेवर कधीही ठेवू नका. अनुभव आहे, जास्त विचारू नका.

भाणवाली सून:

(चौथीनंतर) सगळ्यांचे आभार, उशिराच लिहितेय. दोन गिझर घेतले, एक मोठा न घेता: न्हाणीत २५ लिटर, नव्या बाथरूममध्ये १५. ११ मीटरच्या पाइपात दर वेळी दोन-तीन लिटर गार पाणी आधी वाहून गेलं असतं, तेही वाचलं. दोन्ही ५ स्टारचे, दोन स्वतंत्र तारा, आरसीसीबी. अर्थिंग मोजलं तर खरंच काही नव्हतं, नवं घालावं लागलं. तापमान ५५ वर ठेवलंय. ६० अंशांचं पाणी पाच सेकंदांत भाजतं म्हणतात, आणि धाकटा नळ बघितला की फिरवतोच.

चौथीला पहाटे १९० व्होल्ट. २५ लिटरच्या फेरीला पाऊण तास लागत होता. पाच माणसं झाली आणि सहाव्या नंबरावर माझी जाऊ. तिने कुणाला न विचारता मागच्या कोपऱ्यातली सुकी सोडणं काढली आणि भाण पेटवलं. सासूबाईंना आम्ही पुढच्या ओसरीवर दुर्वा निवडायला बसवलं होतं, त्यांना धुराचा वास आला तेव्हा नऊ जणांची आंघोळ उरकली होती. वर्षातून एक दिवस भाण पेटेल, त्या पुढच्या दारी बसतील, असं आता ठरलंय.

न्हाणीच्या धुराड्याला पत्र्याची टोपी बसवणारा कुणी साखळी-डिचोली भागात असेल तर कळवा, वारा उलटा आला की धूर आत येतो. कारिटाच्या वेलीचं दिवाळीला बघू.